साथीच्या काळातील वैद्यकीय शिक्षण आणि संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातील वैद्यकीय, दंत आणि नर्सिंग महाविद्यालयांचे विद्यार्थी, त्यांचे पालक, पीजी रेसिडेंट आणि नव्याने गाइड झालेले शिक्षक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतले आहेत. परंतु कुठे नव्या विषाणूची बातमी आली की तेच प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत परत येऊ लागतात. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून निर्णय घेण्यापूर्वी चालू परिपत्रक आपल्या अधिष्ठाता कार्यालयात अवश्य पाहावे.

१. साथ आली की मेडिकल कॉलेज बंद होते, म्हणजे नेमके काय बंद होते?

कॉलेज बंद होते, रुग्णालय बंद होत नाही, आणि सगळा गुंता येथूनच सुरू होतो. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली तेव्हा वर्ग थांबले आणि वसतिगृहे रिकामी झाली. पण त्याच आवारातील वॉर्ड भरू लागले. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ) रुग्णालय, नांदेडचे विष्णुपुरी येथील रुग्णालय आणि लातूरचे शासकीय रुग्णालय यांच्यावर आजूबाजूच्या जिल्ह्यांचाही भार असतो. शिकवणारा प्राध्यापक आणि रुग्ण पाहणारा डॉक्टर ही एकच व्यक्ती असल्यामुळे सकाळी वॉर्ड आणि दुपारी लॅपटॉपसमोर तास, असा दिवस जाऊ लागला. शिवाय ज्या रुग्णांवर विद्यार्थी शिकतो, म्हणजे हर्निया, मोतीबिंदू, जुना दमा, गलगंड असे रुग्ण, तेच येईनासे झाले, कारण नियोजित शस्त्रक्रिया आणि नेहमीची ओपीडी थांबली होती. विद्यार्थी वॉर्डात असता तरी त्याला एकाच आजाराचे रुग्ण दिसले असते.

२. मग सगळा अभ्यासक्रम ऑनलाइन करून डॉक्टर घडतो का?

नाही. मात्र काय ऑनलाइन जाते आणि काय जात नाही हे वेगळे काढले, तर निम्मा वाद मिटतो. औषधशास्त्राचे वर्गीकरण, जैवसांख्यिकी, ईसीजी आणि क्ष-किरणांचे वाचन, केसवरची चर्चा, जर्नल क्लब हे सर्व पडद्यावर चांगले होते; ईसीजी तर मागच्या बाकावरून फळ्याकडे पाहण्यापेक्षा मोबाइलवर अधिक स्पष्ट दिसतो, हे मान्य करायला हवे. पोटावर हात ठेवून यकृताची कड शोधणे, घाबरलेल्या मुलाच्या शिरेत सुई घालणे, वेणा देणाऱ्या बाईशी बोलणे हे पडद्यावर होत नाही. टाळेबंदीत आम्ही शिक्षक विद्यार्थ्यांना घरच्यांची नाडी आणि श्वास मोजून नोंद पाठवायला सांगत असू. त्यातून मोजण्याची सवय लागली, पण घरातली सगळी माणसे धडधाकट असल्यामुळे विकृती कशी लागते हे बोटांना कळले नाही. मधली जागा स्किल लॅबची आहे: मॅनिकिनवर (माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर) सीपीआर, टाके घालणे, कॅथेटर बसवणे हे चार-पाच जणांच्या तुकडीत अंतर राखून शिकवता येते.

३. आमच्या तांड्यावर नेटवर्क नाही. माझी हजेरी कमी भरली तर?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि त्यात विद्यार्थ्याचा दोष सर्वांत कमी असतो. एमबीबीएसच्या नियमांप्रमाणे परीक्षेला बसण्यासाठी थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकल व क्लिनिकलला ८० टक्के हजेरी लागते. लाइव्ह तासाला हजर असणे हीच हजेरी धरली, तर ज्याच्या घरी वायफाय आहे तो पास आणि जो विहिरीजवळच्या लिंबाखाली जाऊन सिग्नल शोधतो तो नापास, असा विचित्र निकाल लागतो. म्हणून विभागांनी व्याख्यानाचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून छोट्या फाइलमध्ये द्यावा, सोबत दोन पानांची टिपणे द्यावीत, आणि ठरलेल्या मुदतीत सोडवलेली प्रश्नावली हजेरीसाठी ग्राह्य धरावी. तेही जमत नसेल तेथे साधा फोन लावून चार विद्यार्थ्यांचा ट्युटोरियल घ्यावा. विषय निवडून घेतला तर तो व्हिडिओपेक्षा कमी पडत नाही. एका विद्यार्थिनीचे संपूर्ण केस प्रेझेंटेशन मी शेळ्यांच्या ओरडण्यासह ऐकले आहे. निदान बरोबर होते. विद्यार्थ्याने स्वतःकडून अडचण लेखी कळवावी, आणि ती वेळीच कळवावी. परीक्षेचा फॉर्म भरताना सांगितलेली अडचण कोणी ऐकत नाही. प्रॅक्टिकलची हजेरी मात्र अशा मार्गाने भरून निघत नाही, त्यासाठी प्रश्न ५ पाहावा.

४. पहिल्या वर्षी शवविच्छेदन झालेच नाही. त्याचे काय?

२०१९ ची तुकडी ही क्षमताधिष्ठित, म्हणजे विद्यार्थ्याला काय करता येते यावर बेतलेल्या, अभ्यासक्रमाची पहिली तुकडी होती, आणि तिचे पहिले वर्ष निम्म्याहून अधिक झाल्यावर टाळेबंदी आली. म्हणजे तिने थोडे तरी विच्छेदन केले होते. अडचण पुढच्या तुकड्यांची अधिक होती. कोविडने मृत्यू झालेल्या व्यक्तीच्या देहावर एम्बामिंग (देह टिकवण्यासाठी रसायन भरणे) करू नये, अशी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची सूचना मार्च २०२० मध्येच आली होती, त्यामुळे असे देहदान स्वीकारणे शक्य नव्हते. फॉर्मॅलिनच्या टाकीत आधीपासून असलेले देह वापरण्यास अडथळा नव्हता, पण एका टेबलाभोवती पंधरा-वीस मुले उभी करणे शक्य नव्हते. तेव्हा व्यवहार्य मार्ग उरतो तो शिक्षकाने आधी विच्छेदन करून ठेवलेला भाग छोट्या तुकड्यांना दाखवण्याचा, आणि हाडे व प्रतिमाने हाताळायला देण्याचा. त्रिमिती सॉफ्टवेअर नातेसंबंध समजायला उत्तम आहे, परंतु चेतातंतू आणि बारीक रक्तवाहिनी चिमट्यात धरल्यावर वेगवेगळ्या लागतात, हे तेथे कळत नाही.

५. क्लिनिकल पोस्टिंग चुकली. ती नंतर भरून मिळते का, की फक्त लॉगबुकवर सही होते?

सही होऊ शकते, आणि धोका नेमका तोच आहे. पोस्टिंगचे आठवडे मोजण्याऐवजी कौशल्ये मोजावीत, असे आमचे मत आहे. न केलेल्या कामापुढे ‘केले’ असे लिहिण्यापेक्षा ती ओळ रिकामी ठेवावी, म्हणजे इंटर्नशिपच्या सुरुवातीला त्या विद्यार्थ्याकडून काय करून घ्यायचे हे युनिटला कळते. आम्ही एका तुकडीसाठी पहिले दोन आठवडे याच कामाला दिले: शिरेतून रक्त घेणे, आयव्ही लावणे, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), कॅथेटर, टाके, पार्टोग्राफ (प्रसूतीच्या प्रगतीचा तक्ता). अनेकांनी रक्त घेण्याची प्रक्रिया तोंडपाठ सांगितली, पण टुर्निकेट बांधून सुई हातात घेतल्यावर रुग्णाच्या कोपराकडे न पाहता आमच्या तोंडाकडे पाहिले. तीन दिवसांत हात बसले.

६. टेलिमेडिसिनच्या, म्हणजे दूरवरून सल्ला देण्याच्या, ओपीडीत बसलो तर ते पोस्टिंगमध्ये धरतात का?

शिकण्यासाठी बसता येते. सल्ला देता येत नाही. २५ मार्च २०२० रोजी आलेली टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकासाठी आहेत. विद्यार्थ्याने इतिहास विचारावा, शिक्षकाने ऐकावा आणि सल्ला व प्रिस्क्रिप्शन शिक्षकाने द्यावे. इतिहास घेणे शिकवायला ही उत्तम जागा आहे, कारण तेथे नजरेचा आधार नसतो आणि प्रश्न नेमके विचारावेच लागतात. हजेरीत किती धरायचे हे महाविद्यालय ठरवते.

७. इतर अभ्यासक्रमांसारखे परीक्षेविना पुढे का पाठवत नाहीत?

कारण पदवीबरोबर रुग्णावर उपचार करण्याचा परवाना मिळतो. इतर विद्यापीठांबाबतही अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना परीक्षा न घेता उत्तीर्ण करता येणार नाही, फार तर मुदत वाढवून मागता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले होते. आरोग्य विज्ञानात परीक्षा पुढे जाते, रद्द होत नाही. बदलते ती पद्धत: रुग्णाऐवजी लिहून दिलेली केस, मॅनिकिन, रुग्णाची भूमिका करणारी व्यक्ती, पडद्यावरचा परीक्षक. यात एक तोटा आहे. लिहून दिलेल्या केसमध्ये चिन्हे शोधावी लागत नाहीत, ती सांगितलेली असतात. म्हणून अशा परीक्षेत कौशल्याचे वेगळे स्टेशन ठेवलेच पाहिजे.

८. विद्यार्थ्यांना साथीच्या ड्युटीवर लावता येते का?

विद्यार्थी कोणत्या टप्प्यावर आहे यावर हे अवलंबून आहे. इंटर्नकडे महाराष्ट्र वैद्यक परिषदेची तात्पुरती नोंदणी असते आणि तो देखरेखीखाली काम करतो. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याकडे कोणतीच नोंदणी नसते. ३ मे २०२१ रोजी, दुसरी लाट ऐन भरात असताना, केंद्र सरकारने नीट पीजी ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा किमान चार महिने पुढे ढकलली आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचा उपयोग प्राध्यापकांच्या देखरेखीखाली टेलिकन्सल्टेशन आणि सौम्य रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी करता येईल असे जाहीर केले. बीएस्सी आणि जीएनएम झालेल्या परिचारिकांना वरिष्ठांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविड ड्युटी देण्याची तरतूदही त्यातच होती, आणि १०० दिवस ड्युटी करणाऱ्यांना पुढील शासकीय भरतीत प्राधान्य देण्याचे म्हटले होते. पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वॉर्डात उभे करण्याचे समर्थन त्यातून होत नाही. त्यांच्याकडून हेल्पलाइन, संपर्क शोधाच्या नोंदी, नातेवाइकांना रोजची खबर देणे अशी कामे घेता येतात. आणि ही शेवटची खबर वॉर्डाच्या फाटकाशी रात्रंदिवस बसलेल्या माणसांना किती मोलाची असते, हे तेथे एकदा उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

९. आमच्या मुलीला ड्युटीवर पाठवू का? ती एकुलती एक आहे.

निर्णय तिचा आणि तुमचा आहे. पाठवण्यापूर्वी महाविद्यालयाला काही गोष्टी अवश्य विचाराव्यात. लस झाली आहे का? पीपीई किट घालण्याचे आणि विशेषतः काढण्याचे प्रशिक्षण झाले आहे का? ड्युटीनंतर राहण्याची वेगळी सोय आहे का, की ती त्याच खोलीत इतर मुलींबरोबर झोपणार? आजारी पडल्यास दाखल कोठे करणार? विमा लागू आहे का? ३ मे २०२१ च्या घोषणेत ड्युटीवरील सर्वांना लस आणि आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीचे शासकीय विमा संरक्षण मिळेल असे म्हटले होते. ही विमा योजना ५० लाख रुपयांची होती. किट घालताना चूक फारशी होत नाही, काढताना होते: बारा तासांच्या घामाने चिकटलेला गाऊन ओढताना हात सहज चेहऱ्याकडे जातो. आम्ही गाऊनवर चमकणारी पूड लावून, किट काढायला सांगून, नंतर अंधारात निळ्या दिव्याखाली मान आणि मनगटे दाखवत असू. मुलीला दमा, गर्भधारणा किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे असतील तर ते लेखी कळवावे.

१०. नर्सिंग, दंत आणि फिजिओथेरपीला हेच लागू होते का?

तत्त्व तेच आहे, तपशील वेगळे आहेत. दंतशास्त्रात एअररोटर चालला की तोंडातील तुषार हवेत पसरतात, म्हणून तेथील काम सर्वांत आधी थांबते आणि सर्वांत शेवटी सुरू होते; मधल्या काळात फँटम हेडवर (दात बसवलेल्या कृत्रिम डोक्यावर) सराव हाच पर्याय राहतो. फिजिओथेरपीत स्पर्श टाळता येत नाही, पण घरी करायचे व्यायाम व्हिडिओवर शिकवण्याचे कौशल्य साथीने नव्याने दिले. नर्सिंगच्या विद्यार्थिनींबाबत आमची तक्रार आहे: मनुष्यबळ कमी पडले की त्यांना प्रथम बोलावले जाते आणि त्या ड्युटीची शैक्षणिक नोंद शेवटी होते. ती नोंद रोजच्या रोज सिस्टर ट्युटरकडून करून घ्यावी.

११. माझी थेसिस अर्धवट राहिली. ओपीडी बंद, सॅम्पल साइज पूर्ण होत नाही. विषय बदलू का?

बदलण्याची घाई करू नये. प्रथम गाइडबरोबर बसून तीन गोष्टी पाहाव्यात: आतापर्यंत जमलेल्या रुग्णसंख्येवर मुख्य प्रश्नाचे उत्तर किती अचूकतेने देता येते, पाठपुरावा फोनवर घेता येईल का, आणि साथीआधी व साथीत घेतलेले रुग्ण एकाच मापाने मोजता येतील का. तिसरा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. साथीत रुग्णालयात पोहोचणारा मधुमेही हा आधीच्या मधुमेह्यापेक्षा अधिक आजारी असतो, कारण बरा असलेला घरी थांबतो. दोघांना एका तक्त्यात टाकले तर आजार बळावल्याचा आभास होतो. प्रोटोकॉलमध्ये केलेला प्रत्येक बदल एथिक्स कमिटीकडून मंजूर करून घ्यावा. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआयवरील (देशातील क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीतील) नोंदही सुधारावी. ही नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी झालेली असावी लागते, मागाहून केलेली चालत नाही. सॅम्पल कमी पडले हे थेसिसमध्ये कारणासह लिहिणे हा दोष नाही. ते लपवण्यासाठी रुग्ण ‘तयार करणे’ हा गुन्हा आहे, आणि केस पेपरचे क्रमांक पडताळले की तो सापडतो.

१२. आणीबाणीत एथिक्स कमिटीची परवानगी नंतर घेतली तर चालते का?

चालत नाही. परवानगी लवकर मिळवता येते, टाळता येत नाही. आयसीएमआरने (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने) एप्रिल २०२० मध्ये साथीतील संशोधनाच्या नैतिक परीक्षणासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार कमिटीची बैठक ऑनलाइन घेता येते, तातडीच्या प्रस्तावांचे परीक्षण त्वरेने करता येते आणि संमती इलेक्ट्रॉनिक मार्गाने घेता येते. येथे एक फरक पक्का ध्यानात ठेवावा. रुग्णाचा जीव वाचवण्यासाठी डॉक्टरने केलेला उपचार हा उपचार आहे. त्याच उपचाराची माहिती ठरवून, फॉर्म करून, तुलनेसाठी गोळा करू लागलात की ते संशोधन झाले.

१३. रुग्ण ऑक्सिजनवर आहे, नातेवाईक फाटकाबाहेर आहेत, आणि सही करता येत नाही. संमती कशी घ्यायची?

रुग्ण शुद्धीवर असेल आणि त्याला समजत असेल तर संमती त्याचीच, नातेवाइकाची नव्हे. लिहिता-वाचता न येणाऱ्यासाठी अंगठा आणि सोबत निःपक्ष साक्षीदार लागतो, आणि तो संशोधकाच्या युनिटमधला असू नये. दुसऱ्या युनिटची सिस्टर चालते. वॉर्डातील कागद बाहेर नेता येत नव्हता, तेव्हा फॉर्म काचेच्या दाराला आतून लावून बाहेरून मोबाइलवर फोटो घेतला जाई. दम लागलेल्या माणसाला चार पानी माहितीपत्रक वाचून दाखवणे निरर्थक आहे; अर्ध्या पानात मुख्य मुद्दे सांगावेत आणि तो सावरल्यावर उरलेले सांगून पुन्हा विचारावे. भाषेचा प्रश्न आपल्याकडे खरा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरात दख्खनी उर्दू आणि तांड्यावर गोरमाटी बोलली जाते, आणि पुण्याकडच्या मराठीत छापलेला फॉर्म परभणीच्या आजीला कळेलच असे नाही. ‘तुम्हाला काय समजले ते मला सांगा’ असे विचारावे. तिने सांगितलेले वाक्य नोंदवावे. रुग्णाला शुद्ध नसेल तर कायदेशीर प्रतिनिधीची संमती फोनवर साक्षीदारासमक्ष घेता येते, आणि शुद्धीवर आल्यावर रुग्णाला विचारावेच लागते.

१४. आमच्या गावात रक्त तपासायला आले होते. ते कशासाठी होते?

बहुधा ते आयसीएमआरचे सेरो सर्वेक्षण, म्हणजे रक्तातील अँटीबॉडी पाहून किती जणांना संसर्ग होऊन गेला याची पाहणी, असावे. मे-जून २०२० मधील पहिल्या फेरीत देशातील ७० जिल्हे निवडले होते. महाराष्ट्रातील सहापैकी बीड, परभणी आणि नांदेड हे तीन मराठवाड्यातले होते. प्रत्येक जिल्ह्यात १० ठिकाणी प्रत्येकी ४० प्रौढांचे रक्त घेतले, आणि देशपातळीवर अँटीबॉडी ०.७३ टक्के प्रौढांत आढळल्या. जून-जुलै २०२१ मधील चौथ्या फेरीत हाच आकडा सहा वर्षांवरील व्यक्तींत ६७.६ टक्के होता. अशी तपासणी गावाच्या बाबतीत बोलते, तुमच्या बाबतीत नव्हे. समजा १,००० माणसांत खरे बाधित होऊन गेलेले ७ आहेत, आणि निरोगी माणसाला निरोगी म्हणण्यात चाचणी शंभरात ९८ वेळा बरोबर येते. तर उरलेल्या ९९३ पैकी सुमारे २० जण उगाच पॉझिटिव्ह ठरतील, म्हणजे खऱ्यापेक्षा खोटे अधिक. सर्वेक्षणाच्या आकड्यात ही चूक गणिताने दुरुस्त करतात. एका माणसाच्या रिपोर्टमध्ये ती दुरुस्त करता येत नाही.

१५. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचा पाठपुरावा कसा करावा?

बीडचा संशोधक हा प्रश्न साथ नसतानाही विचारतो. दिवाळीनंतर कुटुंब कारखान्याकडे जाते आणि उन्हाळ्यात परतते, म्हणून पाठपुराव्याची तारीख कॅलेंडरवर न ठेवता हंगामावर ठेवावी. घरातील एकच मोबाइल नंबर घेऊन भागत नाही. मुकादमाचा, गावात राहिलेल्या आजीचा आणि आशाताईंचा असे नंबर घ्यावेत. मात्र मुकादमाला आजाराबद्दल काहीही सांगू नये, कारण त्याच्याकडून उचल घेतलेली असते आणि आजारी मजुराचे काम जाऊ शकते. गळालेले मजूर आणि राहिलेले मजूर सारखे नसतात, हे प्रश्न ११ मधील तिसऱ्या मुद्द्याप्रमाणेच आहे.

१६. साथीत रोज नवा पेपर येतो. विश्वास कशावर ठेवावा?

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावरचा एक मोठा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २२ मे २०२० रोजी आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला, कारण मूळ डेटा कोणालाही पडताळता आला नाही. प्लाझ्माचे (बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातील द्रव दुसऱ्या रुग्णाला देण्याचे) उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. आयसीएमआरच्या ‘प्लॅसिड’ ट्रायलमध्ये ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्ण घेतले होते. आजार गंभीर होणे किंवा मृत्यू यांत प्लाझ्माने फरक पडला नाही. तो निकाल २०२० मध्येच आला, तरी राष्ट्रीय उपचारसूचीतून प्लाझ्मा मे २०२१ मध्ये निघाला, आणि मधल्या दुसऱ्या लाटेत नातेवाईक दाते शोधत जिल्ह्याजिल्ह्यांत फिरत होते. उलट ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ ट्रायलने स्वस्त डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरील मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात हे दाखवले. जर्नल क्लबमध्ये हे तीन लेख शेजारी ठेवून शिकवावेत: तुलना गट होता का, चिठ्ठी टाकून वाटणी झाली का, मोजले काय. प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी अजून न तपासलेला लेख) वाचावा, पण त्यावरून प्रिस्क्रिप्शन लिहू नये.

१७. वॉर्डातील रुग्णाचा फोटो शिकवण्यासाठी ग्रुपवर टाकला तर?

संमतीशिवाय टाकू नये, आणि डोळ्यांवर काळी पट्टी मारणे म्हणजे संमती नव्हे. म्युकरमायकोसिसच्या काळात चेहऱ्याचे फोटो सर्रास फिरले. तालुक्याच्या गावात असा चेहरा पट्टीसह ओळखू येतो. सीटी स्कॅनवरचे नावही कापावे लागते.

१८. हे सगळे फक्त कोविडपुरते आहे का?

नाही. बीड जिल्ह्यातील मामला गावात १९९४ मध्ये प्लेग आढळला होता. तेव्हाच्या भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने ऑगस्ट २०२० मध्ये साथ-व्यवस्थापनाचा जो अभ्यासघटक आणला, तो फाउंडेशन कोर्सपासून अंतिम वर्षापर्यंत शिकवायचा आहे. शिकवताना उदाहरणे आपल्याच जिल्ह्यातील घ्यावीत.

१९. २०२१ मध्ये मी कोविड वॉर्डात ड्युटी केली. तेव्हाच्या नोंदी आता थेसिससाठी वापरू शकतो का?

स्वतः लिहिलेली नोंद असली तरी ती रुग्णालयाची आहे. विभागप्रमुख आणि रुग्णालय प्रशासनाची परवानगी घ्यावी, नंतर एथिक्स कमिटीकडे जावे. नावे व क्रमांक काढलेल्या जुन्या नोंदींसाठी कमिटी वैयक्तिक संमतीतून सूट देऊ शकते. ती सूट स्वतःची स्वतः घेता येत नाही. आपल्या मोबाइलमध्ये राहिलेले केस पेपरचे फोटो डेटा म्हणून वापरू नयेत. नोंदी उघडल्यावर पहिली अडचण येईल ती ऑक्सिजन पातळीच्या रकान्यात: ‘९१’ असे लिहिलेले सापडेल, पण ते मास्क लावून की मास्क काढून, हे अनेक पानांवर नसेल. अशा नोंदी अंदाजाने भरू नयेत. त्या गाळाव्यात, आणि किती गाळल्या हे थेसिसमध्ये आकड्याने लिहावे.